शब्दाला मालक पाहिजे

आई, दुकान चौदाव्या दिवशी उघडलं. शटर वर केलं, झाडून घेतलं, फ्रीजमध्ये इन्सुलिन ठीक आहे ना ते बघितलं. तुमचं स्टूल काउंटरच्या आतल्या बाजूला होतं, ते उचलून मागे गोळ्यांच्या रॅकपाशी ठेवलं. ये-जा करताना ते मला कायमच पायात यायचं. अर्ध्या तासाने परत आणून होतं तिथे ठेवलं. का, ते विचारू नका. आता पुन्हा पायात येतं आहे.

बायका भेटायला येतात आणि आधी माझ्या तोंडाकडे बघतात. एकीने तर तोंडावर विचारलं, "वहिनी, तुमी रडल्याच न्हाई म्हने?" मी म्हणाले, "चहा टाकू का?" अस्थी घेऊन गंगाखेडला गेलो तेव्हाही मी पिशव्या मोजत होते, कोणाचं बसमध्ये काय राहिलं ते बघत होते. रडायला येत नाही, आई. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग गाल आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं चाललं आहे. चावते मी मधूनमधून. कळत नाही.

तुमच्याशी बोलायचं ते वेगळंच आहे. पण मधलं सांगितल्याशिवाय तिथे जाता येणार नाही, आणि हे वाचणाऱ्यालाही कळणार नाही की औषधाच्या दुकानात सासू इंग्रजी शब्द का गोळा करत बसायची.

सुरुवात औषधाच्या खोक्यातल्या घडीच्या कागदापासून झाली. मी खोकी उघडून पट्ट्या रॅकला लावायची आणि ते कागद केरात टाकायची. तुम्ही दुपारी दुकानात येऊन बसायला लागला होता, तेव्हा त्यातला एक उचललात. उलगडत गेलात, उलगडत गेलात, तो तुमच्या मांडीपेक्षा मोठा झाला.

"रेखा, येवढ्या बारीक अक्षरात काय लपवलंय गं?"

"लपवलेलं काही नाही. कोणी वाचत नाही म्हणून बारीक छापतात."

"मंग मी वाचते."

माझी मीनू पहिलीत होती तेव्हा तिच्या पाटीवर तुम्हीही एबीसीडी गिरवली होती, तेवढ्याच भांडवलावर हे बोलणं होतं. मराठी चौथी पास बाई. मला वाटलं, आठवडाभर चालेल. मीनू आता पुण्यात नोकरी करते, आणि मागच्या महिन्यापर्यंत ते चालू होतं.

तुमची पद्धत मात्र पक्की होती. लांब वही, पानाला चार रकाने. पहिल्यात कागदावरचं इंग्रजी अक्षर न् अक्षर बघून काढायचं, रांगोळी काढावी तसं. दुसऱ्यात मी सांगेन तो उच्चार, पण तीनदा मोठ्याने म्हणून झाल्याशिवाय लिहायचा नाही. तिसऱ्यात अर्थ. आणि चौथा रकाना, ज्याच्यावर तुम्ही लिहिलं होतं, मालक.

"मालक म्हणजे?" मी विचारलं होतं.

"नुसता अर्थ माझ्या डोस्क्यात ऱ्हात न्हाई. त्यो शब्द कोनाचा हाय ते ठरलं की ऱ्हातो."

मग सेलूतली अर्धी माणसं तुमच्या वहीत गेली. 'इंटरमिटंट', म्हणजे थांबून थांबून येणारं. मालक, आपल्या आळीतली लाईट. 'इफर्वेसंट', पाण्यात पडताच फसफसणारं. मालक, समोरची बांगड्यावाली. 'सब्लिंग्वल', जिभेखाली ठेवायची गोळी. त्याचा मालक तुम्ही दोन दिवस शोधलात आणि मग आपल्या घरमालकिणीचं नाव टाकलंत. "तिला काय बी सांग. जिभंखाली ठिवती. सा म्हैन्यांनी इरघळून भाईर येतं." 'इडिओपथिक' म्हणजे ज्या दुखण्याचं कारण सापडत नाही ते, असं मी सांगितल्यावर तुम्हाला विचारही करावा लागला नाही. "जावईबापूंचा रुसवा. लिहिते."

गिऱ्हाईकं हसायची. काही तर गोळ्या घेऊन झाल्यावरही रेंगाळायची, "आजी, आज कोनाचा नंबर?" म्हणून.

'कॉन्ट्राइंडिकेशन', म्हणजे औषध कुठे किंवा कशाबरोबर देऊ नये ते, हा शब्द तुम्ही एका दमात म्हणालात, ते मला पक्कं आठवतं. मी स्वतः डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी त्याच्यावर अडखळले होते. तुम्ही तीनदा म्हणालात, तिन्ही वेळा सरळ, आणि समोरच्या गिऱ्हाइकाकडे बघून विचारलंत, "तुमाला येतं का?" त्या बिचाऱ्याने खोकल्याचं औषध घेतलं आणि निघून गेला. मालक म्हणून तुमच्या दोन्ही चुलत जावा. एका पंगतीत शेजारीशेजारी बसवू नये म्हणून.

मीनूच्या फोनने मध्ये भांडण लावलं. मी 'नॉशिया' म्हणते, मळमळ. मीनू दिवाळीत आली आणि म्हणाली, आई, ते नॉझिया आहे, आणि फोनमधल्या बाईकडून म्हणवून घेतलं. मी म्हणाले, माझ्या कॉलेजात सर नॉशियाच म्हणायचे. मीनू म्हणाली, तुझे सर परभणीचे होते. मला राग आला. तुम्ही दोघींना गप्प केलंत. "पुन्यात जातोय म्हनत्यात, आपन जायलाव म्हनतो. पोचत्यात का न्हाई दोघं बी? मंग सेलूत नॉशिया, पुन्यात नॉझिया." वहीत दोन्ही लिहिलेत. मला मात्र ते पटलेलं नाही, अजूनही नाही. एका शब्दाचा उच्चार एक असला पाहिजे. हे भांडण राहिलं ते राहिलं.

माझा शब्दही त्या वहीत आहे. रक्तदाबाच्या एका कागदात वाक्य होतं, गोळ्या अॅब्रप्टली बंद करू नयेत. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं, 'अॅब्रप्ट' म्हणजे एकदम, मधूनच तोडून. तुम्ही तीनदा म्हणालात आणि लिहायला लागलात. मी म्हणाले, "मालक कोण?"

"हाय एक."

"कोण?"

"गिऱ्हाईक आजून बोलायलंच आसतं, आन् तू पट्टी कापून हातात देती. त्ये म्हनतं, ताई, मला काय व्हायलंय ते तर आयका. तू म्हनती, पुढचे."

"दहा माणसं उभी असतात, आई. सगळ्यांच्या कहाण्या ऐकत बसले तर गोळ्या कोण देणार?"

"मी कुठं वाईट म्हनले? मी मालक म्हनले."

मी तो दिवसभर तुमच्याशी नीट बोलले नाही. संध्याकाळी तुम्ही मला वही दाखवलीत. सगळी वही निळ्या पेनाने, आणि 'रेखा' एवढंच पेन्सिलीने. "चांगला शब्द घावला की बदलते," म्हणालात. पुढे मी दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा उत्तर एकच, "आजून न्हाई घावला."

आता माझ्या एका नियमाकडे येते.

एका गावचा म्हातारा रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायचा. तुम्ही त्याच्या खोक्यातला कागद उलगडलात आणि त्याला वाचून दाखवलंत, यानं चक्कर येते, यानं पाय सुजतात, यानं खोकला लागतो. तुम्हाला वाचता येतं याचा तुम्हाला आनंद होता, बाकी काही नाही. त्याने गोळ्या बंद केल्या. महिनाभराने त्याचा मुलगा त्याला डॉक्टरकडे नेऊन मग दुकानात आला आणि मला चार माणसांत बोलला. म्हातारा वाचला, पण मला ऐकून घ्यावं लागलं.

त्याच दिवसांत तुम्हालाही सगळं व्हायला लागलं होतं. 'पॅल्पिटेशन' शिकलात आणि तुमची छाती धडधडायला लागली. 'व्हर्टिगो' शिकलात आणि घर फिरायला लागलं. मी दोनदा दुकान बंद ठेवून तुम्हाला दवाखान्यात नेलं. दोन्ही वेळा काही निघालं नाही. दुसऱ्यांदा परत येताना रिक्षात तुम्ही बोरं खात होता.

मी त्या दिवशी काउंटरवरच सांगितलं, लोक होते तरी सांगितलं. "आई, इथून पुढे कागदातलं दुखणं ना लोकांना सांगायचं, ना मला. शब्द विचारा, उच्चार विचारा, अर्थ विचारा. त्याच्यापुढे एक अक्षर नाही. जमत नसेल तर घरी बसा."

तुम्ही वही मिटलीत. म्हणालात, "बरं."

माझं चुकलं असं मला त्या दिवशी वाटलं नाही. आजही पूर्ण चुकलं असं वाटत नाही. औषधाच्या दुकानात असं चालत नाही.

आता तो दिवस, दुकानातला तुमचा शेवटचा. दुपारची वेळ, माल आला होता आणि मी खोक्यांवरचे बॅच नंबर आणि मुदत तपासत होते. दोन गिऱ्हाईकं उभी होती. तुम्ही स्टुलावर, मांडीवर कागद. वही तुम्ही नेहमी डाव्या हाताने धरता. त्या दिवशी ती सारखी घसरत होती. तुम्ही ती कोपराने दाबून धरली होती. हे मी बघितलं. बघितलं म्हणून तर आता सांगता येतं आहे.

"रेखा, ह्यो कसा म्हनायचा?"

मी कागदाकडे नजर टाकली. "पॅरेस्थेशिया."

"परे... शेया."

"पॅरेस्थेशिया. नीट बघून म्हणा."

"परसेया."

"मध्ये थे आहे, आई. थे. घाई करू नका."

"पर... शेया."

"जाऊ द्या. अवघड आहे. उद्या म्हणा."

"आर्थ?"

"हातापायाला मुंग्या येणं. बधिर होणं."

तुम्ही लिहिलंत. चौथ्या रकान्यातही काहीतरी लिहिलंत, छोटंसं. एरवी मालक कोण ते तुम्ही साऱ्या दुकानाला ओरडून सांगता. त्या दिवशी बोलला नाहीत. मी विचारलं नाही. माझ्या हातात पट्टी होती आणि समोरच्या बाईला मी म्हणाले, "पुढचे."

संध्याकाळी तुम्ही अर्धीच भाकरी खाल्लीत आणि लवकर पडलात. सकाळी न्हाणीच्या दारात खाली बसलात. तोंड एका बाजूला गेलं होतं. यांनी गाडी आणली, परभणीला नेलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. त्यातलं तुम्हाला काही सांगत नाही. तुम्ही तिथे होतात आणि नव्हतातही.

पण एक सांगायचं आहे. दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं, "आदल्या दिवशी काही जाणवलं होतं का? हात जड, बोलण्यात फरक?" यांनी माझ्याकडे बघितलं, कारण दिवसभर तुमच्याजवळ मी होते. मी म्हणाले, "नाही."

म्हणाले त्या क्षणी ते खोटं नव्हतं. माझ्या डोक्यात ते बोलण्यातला फरक म्हणून नव्हतंच. उच्चार चुकला, एवढंच होतं. मग मला चिठ्ठी दिली, खालून इंजेक्शनं आणा म्हणाले, आणि जिन्याच्या मधल्या वळणावर मला 'कॉन्ट्राइंडिकेशन' आठवलं. तीनदा, सरळ, एका दमात. मी कठड्याला धरून उभी राहिले. परत वर जाऊन सांगता आलं असतं. त्याने उपचारात फरक पडला असता का, मला माहीत नाही. सीटी स्कॅन झालेलंच होतं. मी खाली जाऊन इंजेक्शनं आणली. मोजून घेतली, मुदत तपासली.

औषधशास्त्र शिकलेली बाई मी. हात बधिर आणि जीभ जड, ही दोन लक्षणं एकत्र दिसली की काय करायचं ते पंचवीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आले. आणि माझ्यासमोर बसून माझी सासू ते करून दाखवत होती, तेव्हा मी तिचा उच्चार दुरुस्त करत होते.

गंगाखेडहून आल्यावर वही उघडली. शेवटचं पान. इंग्रजी अक्षरं उताराला लागलेली. उच्चाराचा रकाना कोरा, कारण तीनदा म्हणून झालं नव्हतं. अर्थ, 'मुंग्या. बदीर.' मालक, 'मी.'

मी मागे उलटत गेले, पहिल्या पानापर्यंत. तुमचं नाव दुसरीकडे कुठेच नाही. मीनूने एकदा हट्ट केला होता, आजी, तुझा शब्द कुठला, तर म्हणाला होतात, "वहीवालीला शब्द नसतो." मग त्या दिवशी लिहिलात.

तुमचाही राग येतो मला, सांगून टाकते. 'रेखा, माझा हात बधिर व्हायलाय.' पाच शब्द. पाचही मराठी, एकाचाही उच्चार विचारायची गरज नाही. पण नाही, तुम्ही माझा नियम पाळलात. अख्ख्या संसारात माझा एक नियम पाळला नाहीत तुम्ही. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नका, हासुद्धा नाही. आणि पाळायचा तो हा पाळलात. शब्द विचारलात, उच्चार विचारलात, अर्थ विचारलात, पुढे एक अक्षर नाही. तरीही जितकं सांगता येईल तितकं वहीत सांगून ठेवलंत, माझ्यापासून दोन हातांवर बसून.

दुकान उघडलं त्या दिवशी ती बांगड्यावाली आली. पित्ताच्या गोळ्या मागितल्या. मी पट्टी काढली, कापायला घेतली, आणि थांबले. "कोणासाठी? काय होतंय?" तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला चोर म्हणाले. मग सांगायला लागली. लांबण लावली बाईने, नणंदेच्या लग्नापासून. मागे तिघं खोळंबले. मला ते आवडलं नाही, मनातून मी 'पुढचे' म्हणतच होते. पण ऐकलं. पित्तच होतं. बोलताबोलता ती तुमच्या स्टुलावर बसली, मग लक्षात येऊन पटकन उठली. मी म्हणाले, "बसा, स्टूलच आहे."

दुपारी वही काढून माझं पान उघडलं. पेन्सिलीचं 'रेखा' पेनाने गिरवलं. तुम्हाला चांगला शब्द सापडला नाही, आणि आता मीही शोधत नाही.

राहिलं होतं ते यांना सांगायचं. तुमचा मुलगा कसा आहे ते तुम्हाला माहीत. तेराव्यापासून कापसाच्या जिनिंगमधून कामावरून येतो, हातपाय धुतो आणि तुमच्या खोलीच्या दारात उभा राहतो. आत जात नाही. त्याने एकदाच विचारलं होतं, "आदल्या दिवशी आई बरी होती ना?" आणि मी मान हलवली होती. डॉक्टरांना दिलेलं उत्तर जिन्यापर्यंत तरी खरं होतं. ही मान मात्र मी जाणून हलवली.

काल दुपारी जेवणासाठी तासभर दुकान बंद असतं त्या वेळात त्यांना बोलावून घेतलं. वही पुढे ठेवली, शेवटचं पान. सगळं सांगितलं. घसरणारी वही, तीन वेळा चुकलेला शब्द, जिना, सगळं. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

त्यांनी पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "तू तरी काय करनार व्हतीस."

"विचारता आलं असतं. कोणाला होतंय, एवढंच."

त्यांनी वही जवळ ओढली. त्या एका अक्षरावर बोट ठेवलं, 'मी'वर, आणि काढलं. मला वाटलं आता उठतील. उठले नाहीत.

"कसा म्हनायचा ह्यो?" त्यांनी विचारलं.

मी सांगितला.

त्यांनी पेन मागून घेतलं. उच्चाराचा रकाना कोरा होता ना, तो भरायचा होता त्यांना. पण तुमचा नियम त्यांनाही माहीत होता. त्यांनी आधी म्हणून बघितलं. पॅरेस्थेशिया. पॅरेस्थेशिया. पॅरेस्थेशिया.

बारावी नापास माणूस, आई. एकदाही अडखळला नाही.